फळ्यावरचं शेवटचं नाव

आमच्या नांदेडच्या बियाणे केंद्रात गेटजवळ एक काळा फळा आहे. त्यावर यंत्रांची देखभाल लिहिलेली असते. एलिव्हेटर : पट्टा बदलणे. ग्रेडर : चाळण्या साफ. शिलाई मशीन : सुई, तेल. आणि सगळ्यात खाली, शेवटच्या ओळीत, माझं नाव असतं. या महिन्यात तिथं लिहिलं आहे, 'मॅडम : घाई. दुरुस्ती चालू.'

नवा माणूस रुजू झाला की पहिल्याच दिवशी फळ्यापुढं थबकतो. मग दबकत केबिनमध्ये येतो. "मॅडम, बाहेर कुणीतरी चावटपणा केलाय. पुसू का?" मी म्हणते, पुसू नको, माझंच अक्षर आहे ते. मग तो माझ्याकडं असा बघतो की मला बिरादार साहेबांबद्दल सांगावंच लागतं. आजवर ते इतक्यांदा तुकड्यातुकड्यानं सांगितलं आहे, की एकदा सलग लिहून काढावं असं कामांच्या यादीत टाकून ठेवलं होतं. आज रविवार आहे, यादीतली बाकीची कामं उरकली आहेत. बसले.

माणिकअप्पा बिरादार आमच्या कंपनीच्या उदगीर केंद्राचे प्रमुख होते आणि मी तिथल्या प्रयोगशाळेची प्रमुख. मूळचे ते देवणी तालुक्यातले. आयटीआय करून फिटर म्हणून लागले आणि एकेक पायरी चढत प्रमुख झाले. खुर्ची बदलली तरी शर्टाच्या खिशात पेनाशेजारी छोटी पक्कड असायचीच. पंचवीस वर्षं यंत्रांचे आवाज ऐकून त्यांची मान कायमची एका बाजूला कलली होती. समोरचा माणूस बोलायला लागला की तेही एक कान पुढं करून असे उभे राहत, की हा कुठं खडखडतोय ते शोधत आहेत असं वाटावं.

उदगीरच्या गेटजवळही असाच फळा होता. त्यावर त्यांचं नाव कसं आलं, ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

रज्जाकभाई आमच्याकडं हमालांचे मुकादम होते. पांढरी दाढी, आवाज मऊ, चाळीस पोती कुठं कशी लावायची ते नजरेनं ठरवणारा माणूस. एका दुपारी बिरादार साहेब सगळ्यांच्या देखत त्यांच्यावर ओरडले. दोन जातींच्या बियाण्याची पोती एका थप्पीत लागली, असं साहेबांचं म्हणणं. संध्याकाळी मी नोंदी तपासल्या, तर पोती बरोबर होती. साहेबांनीच थप्पीवरची चिठ्ठी उलटी वाचली होती. मी जाऊन सांगितलं. त्यांनी चिठ्ठी मागवून पुन्हा वाचली.

दुसऱ्या दिवशी सकाळी हजेरीच्या वेळी ते खडू घेऊन फळ्यापुढं उभे. शिलाई मशीनच्या खाली त्यांनी लिहिलं, 'बिरादार : चौघांत ओरडणे. दुरुस्ती चालू.'

लोक हसले. कुणाला वाटलं गंमत आहे.

"हसा, हसा," साहेब म्हणाले. "तेल न्हाई घातलं तर ग्रेडर बोंबलतो. काल मी बोंबललो. म्हणजे माझी देखभाल राहिली. यंत्राला महिन्याला एकदा खोलून बघताव, अन् माणूस साहेब झाला की त्याला कुणी खोलतच न्हाई. रज्जाकभाई, काल तुमचं बरोबर होतं. चौघांत बोललो, म्हणून चौघांत माफी मागायलोय."

रज्जाकभाई दाढी खाजवत म्हणाले, "अब इसमें माफी कायको साब... पोती उतरवून घेऊ का?"

तो महिना साहेबांना फार जड गेला. राग आला की ते तोंड मिटून यार्डाला एक चक्कर मारून येत. काही दिवशी सात-सात चकरा व्हायच्या. हमाल मोजायचे. "आज पाच झाल्या बघा, मॅडम. दुपारपासून दोनच." महिनाअखेर त्यांनी ओळ पुसली, आणि त्याच जागी दुसरी लिहिली : 'बिरादार : बोलणाऱ्याला मध्येच तोडणे.'

त्यासाठी त्यांनी एक युक्ती केली. टेबलावर शिपायाला बोलवायची घंटी होती. ती त्यांनी आमच्या बाजूला सरकवली. साहेबांनी कुणाचं बोलणं तोडलं की ज्याचं तोडलं त्यानं घंटी वाजवायची. पहिला आठवडा केंद्रात देवळासारखी घंटी चालू होती.

या घंटीवरून एक प्रसंग झाला. बी निवडणाऱ्या बायकांमध्ये सुभद्राबाई म्हणून एक होत्या. बोलायला लागल्या की गाडी कुठून निघाली आणि कुठं चालली याचा पत्ता लागायचा नाही. त्या एकदा केबिनमध्ये आल्या आणि सुरू झाल्या. "सायेब, आमच्या सासूची म्हस हाय बगा, ती परवा येईना झाली घरी. मी म्हणलं, आता कसं करावं बाई. दिराला म्हणलं, जा, वढ्याकडं बग..." साहेब दोन्ही हात मांड्यांखाली दाबून ऐकत होते. म्हैस ओढ्यावरून मळ्यात गेली, मळ्यातून कुणाच्या तरी गोठ्यात. मग तिला जळक्याचा वास आला आणि ती बुजली. "तसाच वास, सायेब, आत्ता मशीनच्या पट्ट्याला यायलाय..."

तेवढ्यात आत धाडकन आवाज झाला. बी वर चढवणाऱ्या एलिव्हेटरचा पट्टा तुटला होता.

सगळे धावले. साहेब पक्कड काढून पट्ट्याखाली शिरले आणि आतूनच ओरडले, "सुभद्राबाई, आधी मशीन सांगावं, मग म्हस!"

"तुमीच म्हणलाव ना, मधी तोडणार न्हाई म्हणून!"

ते ग्रीस लागलेल्या तोंडानं बाहेर आले आणि हसत सुटले. त्या दिवशी फळ्यावर बदल झाला. 'मध्येच तोडणे' या ओळीखाली त्यांनी लिहिलं, 'आधी बातमी, मग म्हैस.' तो नियम मी आजही बैठकीत वापरते. माझ्याकडच्या पोरांना त्याचा उगम माहीत नाही, पण बैठका अर्ध्या तासात संपतात.

असं वर्षभर चाललं. नावं विसरण्याचा एक महिना झाला. दुसऱ्यानं केलेलं काम वर सांगताना त्याचं नाव न घेण्याचा एक झाला. ती सवय आपल्याला आहे हे त्यांना स्वतःलाच सापडलं आणि त्याचा त्यांना इतका आनंद झाला, जणू ग्रेडरमधला वर्षानुवर्षांचा खडखडाट सापडला. "ताई, सापडला बगा, सापडला!" म्हणत ते प्रयोगशाळेत आले होते. स्वतःचा दोष सापडल्यावर एवढा खूश झालेला दुसरा माणूस मी पाहिला नाही.

मग एकदा त्यांनी ठरवलं की आपले दोष आपणच निवडतो, हे काही खरं नाही. यार्डात सगळ्यांना बसवलं. "पुढच्या महिन्याला काय धरू, तुम्हीच सांगा."

रज्जाकभाई उठले.

"साब, नाराज नक्को होव. एक बात बोलूं?"

"बोला की."

"ऊपरवालों का फोन आया की तुम खुर्चीवरून खडे होतें. आमचं सगळं ऐकून घेता, आम्हाला चूक असली तर सांगता. पण फोनवर एकच. हो साहेब, हो साहेब, हो साहेब."

आधी एक जण फिसकन हसला, मग सगळे. कारण ते खरं होतं. मुख्य कार्यालयातून मोठ्या साहेबांचा फोन आला की बिरादार साहेब खरोखर उभे राहायचे, डावा हात शर्टाची बटणं चाचपायचा आणि मान हलत राहायची. हसणं थांबलं तेव्हा दिसलं की साहेब हसत नव्हते. ते उठले, फळ्याकडं गेले आणि लिहिलं, 'बिरादार : वरच्यांना नाही न म्हणणे.'

ती ओळ महिन्यानं पुसली गेली नाही. दुसऱ्या महिन्यातही नाही. तिसराही गेला.

याला एक कारण होतं आणि ते सगळ्यांना ठाऊक होतं. त्या वर्षी नांदेडच्या विभागप्रमुखाची जागा रिकामी होणार होती. साहेबांची लेक नांदेडला दिलेली, तिला नुकतीच जुळी झालेली. दर शनिवारी ते शेवटची गाडी पकडून तिकडं जायचे आणि सोमवारी डोळे तारवटून यायचे. निवृत्तीला तीन वर्षं उरली होती. ती जागा मिळावी असं त्यांना फार वाटत होतं आणि ती देणं मोठ्या साहेबांच्या हातात होतं. अशा वेळी नाही कुठून म्हणणार?

एप्रिलमध्ये लातूरच्या गोदामातून सोयाबीनच्या बियाण्याचा मोठा लॉट आमच्याकडं हलवायचा होता. काम तीन दिवसांचं. मोठ्या साहेबांचा फोन आला, गोदाम उद्या संध्याकाळपर्यंत मोकळं करून द्यायचं आहे, सगळ्या गाड्या एका दिवसात उतरवा. बिरादार साहेब उभे राहिले आणि म्हणाले, "हो साहेब."

सोयाबीनचं बी फार नाजूक असतं. साल पातळ. ज्वारीसारखं आदळून चालत नाही. पोतं उंचावरून पडलं तर वरून काही दिसत नाही, पण आत कोंब दुखावतो. म्हणून पोती हातावर उतरवायची आणि सातपेक्षा उंच थप्पी लावायची नाही, हे आमच्याकडं भिंतीवर रंगवलेलं होतं. त्या दिवशी त्याच भिंतीखाली गाडीवरून पोती धडाधड पडत होती आणि चौदा-चौदाच्या थप्प्या लागत होत्या. रज्जाकभाई दोनदा आत येऊन साहेबांना सांगून गेले. साहेब म्हणाले, "आजच्या दिवस चालवा." मीही तिथंच होते. हातात गाड्यांची यादी होती, उतरलेल्या गाडीपुढं खूण करत होते आणि "चला, चला, अजून चार राहिल्यात" म्हणत होते. यादी सूर्य मावळायच्या आत पूर्ण झाली याचा मला अभिमानसुद्धा वाटला होता.

मे महिन्याच्या शेवटी तो लॉट भोकरच्या डेपोला जायचा होता. त्याचं प्रमाणपत्र जानेवारीतच मिळालेलं, कागदोपत्री माल चोख. पण गाडी भरण्याआधी आम्ही आमच्या समाधानासाठी पुन्हा उगवण बघायचो. शंभरातले सत्तर तरी उगवायला हवेत. माझ्याकडं अठ्ठावन्न आले.

मी तसाच आकडा साहेबांपुढं ठेवला. त्यांनी विचारलं, "परत घालताव का, ताई? चार रोल घाला." मी शंभर-शंभर दाण्यांचे चार रोल ओल्या कागदात गुंडाळून ठेवले. आठ दिवस लागतात. त्या आठ दिवसांत साहेब रोज सकाळी प्रयोगशाळेच्या दारापर्यंत यायचे, आत यायचे नाहीत. मोठ्या साहेबांचे फोन चालू होतेच. माल कधी निघतोय? आणि एकदा सहज बोलल्यासारखं, नांदेडचा कागद माझ्या टेबलावर आहे, बिरादार, या आठवड्यात बघून टाकतो.

आठव्या दिवशी मी रोल उलगडले. दारात साहेब, रज्जाकभाई, सुभद्राबाई आणि मागं निम्मं केंद्र. मी मोठ्यानं मोजत होते. एकही रोल बासष्टच्या वर गेला नाही. बाद झालेल्यांत निम्म्या कोंबांना मूळ होतं तर शेंडा नव्हता, काहींची दलं, म्हणजे पहिली जाड पानं, चिरलेली. चुरगाळलेल्या हिरव्या कागदांसारखे ते पडले होते.

"आदळलेला माल हाय," साहेब हळूच म्हणाले. मग सगळ्यांकडं वळले. "केबिनमध्ये चला. सगळे. मी फोन लावायलोय. तुम्ही असलाव तर मला पळता यायचं न्हाई."

केबिनमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. त्यांनी नंबर फिरवला. पलीकडून "बोला, बिरादार" ऐकू आलं आणि साहेब ताडकन उभे राहिले. हात बटणांकडं गेला.

टण्!

सुभद्राबाईंनी घंटी दाबली होती. साहेबांनी त्यांच्याकडं पाहिलं, खुर्चीकडं पाहिलं आणि बसले.

"साहेब, तो भोकरचा लॉट बी म्हणून जाणार न्हाई. तेलाच्या गिरणीला द्यावा लागंल... हो, प्रमाणपत्र हाय. पण उगवण न्हाई... न्हाई साहेब... न्हाई. प्रमाणपत्र पेरत न्हाईत, साहेब, बी पेरताव आपण."

मागं कुणीतरी दबक्या आवाजात "वा" म्हणालं. फोनमधला आवाज चढला. चूक कुणाची, असं विचारलं जात होतं.

"माझी. एका दिवसात उतरवा म्हणलाव, तवाच मी न्हाई म्हणायला पायजे होतं. मी हो म्हणलो. मुकादमानं सांगितलं होतं, तरी मी चालवा म्हणलो... हो. लेखी देतो... नांदेडचं तुम्ही ठरवा, साहेब. पण हा माल जाणार न्हाई."

फोन ठेवल्यावर त्यांनी पाणी मागितलं. आणि मग ते एकदम म्हणाले, "न्हाई म्हणलो की ओ मी! किती येळा म्हणलो?"

"चार, सायेब," सुभद्राबाई म्हणाल्या. "मी मोजले."

त्यानंतरचे चार दिवस माझ्या नोकरीतले सगळ्यात चांगले दिवस होते. आमच्याकडंच दुसरा एक लॉट होता, उगवण ब्याऐंशी, पण तो चाळून, निवडून, भरून व्हायचा होता. पेरणी तोंडावर आलेली. भोकरला रिकाम्या हातानं चालणार नव्हतं. कुणी कुणाला काम सांगितलं नाही. बायका तासभर आधी यायला लागल्या. मी याद्या करायची आणि माझी खूण व्हायच्या आत काम झालेलं असायचं. गाडी भरताना रज्जाकभाईंनी दोन-दोन हमालांची रांग लावली, पोतं हातावरून हातावर. रांगेच्या शेवटी बिरादार साहेब बाह्या सरसावून उभे. "हळू, हळू! लेकरू निजलंय असं समजा!" पाचव्या दिवशी सकाळी गाड्या भोकरकडं निघाल्या, तेव्हा हमालांनी शिट्ट्या मारल्या. फळ्यावरची तीन महिन्यांची ओळ साहेबांनी स्वतः पुसली नाही. फळा पुसायचं फडकं त्यांनी रज्जाकभाईंच्या हातात दिलं.

नांदेडचा कागद पंधरा दिवसांनी आला. त्यावर माझं नाव होतं.

साहेबांनी कागद वाचला, घडी घालून माझ्या हातात दिला आणि "छान झालं" म्हणून यार्डात गेले. त्या दिवशी ते डबा खायला आले नाहीत. खिडकीतून दिसत होतं, यार्डाला चकरा चालल्या होत्या. मी मोजल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी मी म्हणाले, "साहेब, मी नाही म्हणून कळवते." तर ते एकदम जुन्या आवाजात ओरडले, "खबरदार! न्हाई म्हणायची सवय मला लावून घ्यायची होती, तुम्हाला न्हाई!" आणि लगेच, "ओरडलो का? ओरडलो. माफ करा, ताई. पण जावा तुम्ही. बरोबर माणसाला मिळालंय. फक्त एक करा, एवढी घाई करू नका. तुमची यादी पुरी होते, पण माल पुरा होत न्हाई कधीकधी." नऊ वर्षांत माझ्याबद्दल त्यांनी बोललेलं हे एकच वाक्य. मी ते वहीत लिहून घेतलं.

जुलैत मी भोकर डेपोची तपासणी करायला निघाले, तेव्हा ते नांदेडला लेकीकडं आले होते. म्हणाले, "मीपण येतो. ते बी कसं आलंय, बगायचं हाय." डेपोच्या नोंदीवरून ते बी गेलेल्या एका गावाचं नाव काढलं होतं. गाव यायच्या आधीच ते काचेला नाक लावून बसले होते आणि अचानक ओरडले, "थांबवा, थांबवा!"

गाडी पुरती थांबायच्या आत ते उतरले आणि बांध ओलांडून रानात शिरले. सोयाबीन वितभर आलं होतं, पेरणीची तासं दाट आणि सरळ. ते एका ओळीशी उकिडवे बसले आणि बोटानं रोपं मोजायला लागले.

"ओ! कोण हो तुम्ही?" पलीकडून खुरपं घेऊन एक बाई तरातरा आल्या. "पाय कुठं ठेवायलाव? दिसत न्हाई का, कोवळं हाय ते!"

साहेब धडपडत उठले. "चुकलं, माय. बगायलो होतो जरा."

"बगायचं तर बांधावरून बगा की! मधी कामून आलाव? इकडं न्हाई, इकडं न्हाई, तिकडून निगा. अन् ते बूट काढा आधी!"

त्यांनी मुकाट्यानं बूट काढले, हातात घेतले आणि दोन ओळींमधून एकेक पाऊल जपून टाकत बांधाकडं निघाले. बाई मागून चालत रागावतच होत्या. बांधावर आल्यावर त्यांनी विचारलं, "दाट उगवलंय, न्हाई का, माय?"

"मग? डोळे न्हाईत का तुमाला?"

मला भोकरला अकरापर्यंत पोचायचं होतं. मी हाक मारली. त्यांनी माझ्याकडं न बघताच हात हलवला, तुम्ही व्हा पुढं, मी येतो एसटीनं. पुढं ते उदगीरहूनच निवृत्त झाले आणि वर्षभरात गेले. फोनवर आम्ही पुष्कळ बोललो, भेट मात्र नंतर झाली नाही; ते लेकीकडं यायचे तेव्हा मी दौऱ्यावर असायची. मी त्यांना शेवटचं पाहिलं ते तेव्हाच. गाडी वळली तेव्हा मी मागं बघितलं. ते अनवाणी बांधावर उभे होते, मान एका बाजूला कललेली, दोन्ही हातांत दोन बूट. त्या बाई खुरपं नाचवत अजून त्यांना बोलत होत्या आणि ते हिरव्या ओळींवरून नजर फिरवत, हसत, प्रत्येक वाक्याला मान डोलवत होते.